घर एक इंचाचं

(नाशिकमध्ये टेबलटॉप, म्हणजे टेबलावर पट मांडून खेळायचे खेळ, खेळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खेळाच्या पटाचा नकाशा देखणा कसा करायचा हा आजचा विषय नाही. झाडं, पाणी, सावल्या तुम्हाला जमतात. घोडं अडतं ते छापून आणल्यावर. मिनीचा, म्हणजे खेळातल्या छोट्या बाहुलीचा, तळ पटावरच्या घरात मावत नाही, किंवा कागद जोडताना एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेला मिळत नाही. चित्रात काही चूक नसते. मोजमाप वाटेत कुठेतरी बदललेलं असतं आणि ते बदलायला टपलेले बरेच जण असतात: सॉफ्टवेअर, पाठवायचं ॲप, प्रिंटर, दुकानदार.

मूळ हिशेब सोपा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळात एक घर म्हणजे पाच फूट आणि पटावर ते एक इंचाचं. प्रमाण झालं एकास साठ. इंच २५.४ मिलिमीटरचा, नेहमीच्या मिनीचा तळ २५ मिलिमीटरचा. म्हणजे सवलत ०.४ मिलिमीटरची. छपाई दोन टक्क्यांनी आक्रसली की घर २४.९ वर येतं आणि तळ रेघेवर चढतो. मिनी नाहीत म्हणून नाणी वापरणाऱ्यांनी दहा रुपयांचं टाळावं, ते २७ मिलिमीटरचं आहे. कॅरमची सोंगटी तर तीन सेंटिमीटरच्याही वर जाते.

फाइल उघडताना आधी घरं ठरवा, मग पिक्सेल. घरात पिक्सेल पूर्ण संख्येत हवेत. पट दोन-तीन फुटांवरून पाहायचा असतो, त्यामुळे इंचाला १५० पुरतात. २४ बाय ३६ घरांचा पट १५० ने ३६०० बाय ५४०० पिक्सेलचा होतो. ३०० ने तो ७२०० बाय १०,८०० होतो आणि एकेक लेयर (चित्राचा थर) मेमरीत ३०० एमबीच्या वर जातो. दहा लेयर झाले की साधा लॅपटॉप मान टाकतो.

स्क्रीनवर खेळण्यासाठी केलेल्या नकाशात बहुधा घराला ७० किंवा १०० पिक्सेल असतात. असा नकाशा छापायचा तर चित्र ताणू नका. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल इमेज’ नव्हे, ‘प्रिंट साइझ’ उघडा आणि इंचाला ७० किंवा १०० लिहा. पिक्सेल तेच राहतात, कागदावरचं माप बदलतं. रेघा चित्रातच असतील आणि घर किती पिक्सेलचं ते माहीत नसेल, तर एक घर मोजू नका, वीस मोजून भागा. वीस घरांना १४१३ पिक्सेल आले तर घर ७०.६५ चं, एकच मोजलं असतं तर ७१ समजून बसला असता आणि चोविसाव्या घरापर्यंत आठ पिक्सेल घसरला असता.

रेघांचा लेयर वेगळाच ठेवा. चोवीस घरांना पंचवीस रेघा लागतात; शेवटची कॅनव्हासच्या बाहेर पडते आणि कडेचं घर उघडं राहतं. कॅनव्हास थोडा मोठा घ्या. जाडी पाव मिलिमीटर पुरे, रंग गडद करडा, अर्धपारदर्शक. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा काढत असाल तर एक जुना खड्डा ठाऊक असू द्या: ०.९२ च्या आधीच्या आवृत्त्या इंचाला ९० पिक्सेल धरत, नंतरच्या ९६ धरतात. जुनी फाइल नव्यात उघडली की सगळं ९३.७५ टक्क्यांवर येऊ शकतं.

पटावर चौकोनांऐवजी षट्कोनी घरं असतील तर त्यांबद्दल थोडक्यात. समोरासमोरच्या बाजूंत एक इंच ठेवला की ओळींमधलं अंतर ०.८६६ इंच येतं, म्हणजे ३०० ने २५९.८ पिक्सेल. २६० धरून कॉपी-पेस्ट करत गेलात तर तिसाव्या ओळीला अर्धा मिलिमीटर चुकतो. प्रत्येक ओळ शून्यापासून मोजून ठेवा.

आता आपलं गावातलं उदाहरण घेऊ, पांडवलेणी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा मंडप सुमारे ४१ फूट रुंद, ४६ फूट खोल. पाचाने भागा: ८.२ आणि ९.२ घरं. मागच्या भिंतीत सहा कोठड्या आहेत, म्हणजे भिंतीसकट एकीच्या वाट्याला सात फूटही येत नाहीत. कोठडीला एक घर दिलं तर मधल्या भिंती घराच्या तुकड्यांवर पडतात आणि ‘मी कोठडीत आहे की दारात’ यावर दर फेरीला वाद. वास्तूशी प्रामाणिक राहण्याचा हट्ट इथे सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा कोठड्या, मध्ये पाच भिंती, प्रत्येकाला एक घर: मंडप अकरा घरं रुंद करा. एका बाजूला सात कोठड्या आहेत, त्या हिशेबाने खोली तेरा. दुसऱ्या बाजूला पाचच आहेत, तिथे मधल्या भिंती जाड होतील, होऊ द्या. दोन्ही बाजूंच्या कोठड्या धरून रुंदी तेरा. मागची ओळ आणि पुढे दोन घरांचा व्हरांडा धरून लांबी सोळा. हे आडव्या ए-३ च्या दोन कागदांवर येतं, प्रत्येकी आठ ओळी.

कागदाचा हिशेब असाच आधी करायचा. ए-४ वर कागदाच्या मापाने आठ बाय अकरा घरं बसतात, पण रुंदीत कडेला साडेतीन मिलिमीटरसुद्धा उरत नाहीत आणि बरेच प्रिंटर तिथवर छापत नाहीत. सात बाय दहा धरा, चिकटवायला जागा उरते. ए-३ वर अकरा बाय सोळा. २४ बाय ३६ चा पट ए-४ वर सोळा कागद खातो, उभ्या ए-३ वर नऊ, आडव्या ए-३ वर आठच. ॲक्रोबॅट रीडरमधला ‘पोस्टर’ पर्याय तुकडे आपोआप करतो, पण घराच्या मधोमध कापतो. तुकडे स्वतः करा, रेघेवर.

छापताना ‘फिट’ नको, ‘ॲक्च्युअल साइझ’ हवं. परदेशी पीडीएफ अनेकदा लेटर आकाराच्या असतात, साडेआठ इंच रुंद. ए-४ त्याहून अरुंद. ‘फिट’ने त्या ९७ टक्क्यांवर येतात, समास धरले तर आणखी खाली. सगळी पानं सारखीच आक्रसली तर रेघा तरी जुळतात. ‘मोठी पानं आक्रसा’ हा पर्याय त्याहून वाईट: एकाच फाइलमधली मोठी पानं लहान होतात, बाकीची तशीच राहतात.

दुकानात फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र लहान होतं, मापाची नोंदही टिकत नाही. पीडीएफ करा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सवाला माप फुटांत विचारतो आणि फाइल त्या मापात ताणून बसवतो. म्हणून पीडीएफचं पानच २४ बाय ३६ इंचांचं ठेवा आणि ‘दोन बाय तीन फूट, ताणू नका’ असं सांगा. गुंडाळी करून मागा, घडी घातली की वळ जात नाही.

सगळा गठ्ठा छापण्याआधी एकच पान: आडवी सात इंचांची रेघ, उभी दहा इंचांची. स्टीलची पट्टी लावा. १७७.८ आणि २५४ मिलिमीटर यायला हवेत. उभी २५२.५ आली तर २५४ भागिले २५२.५, म्हणजे १००.६ टक्के. आडवी मात्र बरोबर असेल, तर प्रिंटरच्या खिडकीत टक्के वाढवू नका, तिथे दोन्ही दिशा एकदम वाढतात. फाइलच उभ्या दिशेने तेवढी ताणा. ही चूक बहुधा कागद सरकण्याच्या दिशेत असते, म्हणून सगळी पानं त्याच ट्रेमधून, त्याच दिशेने घाला.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. कागद दमट हवेत फुगतो, तेही एका दिशेला जास्त, आणि लेझर प्रिंटरच्या उष्णतेत पुन्हा आक्रसतो. आज चार पानं आणि आठवड्याने उरलेली चार असं छापलं तर जोडावर फरक दिसतो. एकाच रिमचे कागद घेऊन सगळी पानं एकाच बैठकीत छापा, तासभर पसरून ठेवा आणि मगच कटर हातात घ्या.