जमीन कोरडी दिसते, पण पोटातली ओल?

श्रोतेहो, नमस्कार.

पाइप फुटतो किंवा वॉशिंग मशीनची नळी निसटते आणि खोलीभर पाणी होतं. आपण पाणी उपसतो, पुसून घेतो, पंखा लावतो. दोन दिवसांत काँक्रीटची जमीन पांढुरकी दिसू लागली की गालिचा पुन्हा अंथरून मोकळे! माझं सगळं भांडण आहे ते या घाईशी.

काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसलं तरी आत बारीक छिद्रांचं जाळं असतं. पाणी त्यात चटकन शिरतं, पण बाहेर पडायला त्याची वाफ व्हावी लागते. त्यामुळे वरचा थर आधी सुकतो आणि ओल पोटात राहते. नव्या काँक्रीटसाठी बांधकामातला ढोबळ हिशेब आहे, इंचभर जाडीला साधारण महिना. जुनी जमीन एका गळतीने तेवढी भिजत नाही, हे खरं. तरीही वेळ दिवसांत नव्हे, आठवड्यांत धरा.

पण त्याआधी वीज. प्लगपर्यंत पाणी पोचलं असेल, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. स्विचच पाण्यात असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग गळती खरोखर थांबली का ते बघा. घरातले सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या मीटरकडे नजर ठेवा. काटा तरीही सरकतोय? मग पाणी अजून कुठेतरी झिरपतंय, आणि तोवर वाळवणं फुकट.

गालिचा, विनाइल, लाकडी तक्ते, सगळं उचला. बुरशी 24 ते 48 तासांत धरू शकते. गालिच्याखालचा भिजलेला फोम वाळवत बसू नका, टाकूनच द्या. पंख्याचा झोत जमिनीलगत सोडा. खिडक्या मात्र बाहेरची हवा कोरडी असेल तरच उघडा. पावसाळी दमट हवेत त्या बंद ठेवून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचून घेणारं यंत्र, लावलेला बरा. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहायला हवी.

सुकताना जमिनीवर पांढरी भुकटी फुटेल. ते काँक्रीटमधले क्षार, पाण्याबरोबर वर आलेले. कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर ते विरघळून परत आत जातात. आणि त्यावर घाईने वॉटरप्रूफ रंग फासू नका, आतल्या ओलीची वाट बंद होते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

आता परीक्षा. सुमारे 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या चिकटवा आणि किमान 16 तास तसाच ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा तिथली जमीन काळपट झाली, तर अजून थांबायचं. प्लॅस्टिक कोरडं निघालं, तरी खोलवरची ओल या परीक्षेला चकवू शकते. त्यामुळे महागडं लाकडी फ्लोअरिंग बसवायचं असेल तर जाणकाराकडून जमिनीत बारीक छिद्र पाडून आतली आर्द्रता मोजून घ्या.

आणि पाइप दुरुस्त झाला, आठवडे उलटले, तरी थेंब येतच राहिले, तर संशय पाइपावर नको, खालच्या मातीवर घ्या. जमिनीवर बांधलेल्या खोलीत ओल खालूनही चढते. तिथे पंख्याचं काही चालत नाही. घराभोवतीचं पाणी भिंतीपासून दूर वळवावं लागतं, आणि काँक्रीटखाली ओल अडवणारा थर आहे की नाही, ते तपासून घ्यावं लागतं.

नमस्कार.