काटा हलत नाही तेव्हा

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात आहारतज्ज्ञ वक्त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बोलायला उभं राहण्याआधीच मंडळाने तुमच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. बहुतेकींचा सूर एकच आहे. मैदा सोडला, चहातली साखर निम्मी केली, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, कोशिंबीर सुरू केली. आणि एवढं करून वजन उतरलं किलो-दीड किलो. एका ताईंनी तर लिहिलंय, घरचे विचारतात, पाला खाऊन काय मिळवलंस?

आधी कटू तेच सांगते. चांगलं खाल्लं म्हणजे वजन उतरतंच, असा काही करार शरीराने आपल्याशी केलेला नाही. बदाम, शेंगदाणे, साजूक तूप हे पौष्टिक आहेत आणि उष्मांकांनी गच्च भरलेलेही आहेत. एका लहान चमच्याभर तेलात साधारण 45 उष्मांक असतात, मग ते पिशवीतलं असो की लाकडी घाण्यावरचं. घाण्याचं तेल आणलं म्हणून फोडणीला हात सैल सोडला, तर काटा वर जाणारच. दुसरं म्हणजे, आहार कमी झाला की शरीरही हात आखडतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 उष्मांक, तेव्हा रोज 500 कमी खाल्ले की पंधरवड्यात किलो गेला, हा हिशेब कागदावर फार छान दिसतो. पण हलक्या शरीराला इंधन कमी लागतं, भूक वाढते, आणि उतरण्याचा वेग महिन्यागणिक मंदावतो. त्यात तुमचा आळस नसतो.

आता आपल्या गावची गोष्ट. शनिवारी रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलात. थंडीचे दिवस, म्हणजे वरून जिरावण मसाला भुरभुरलेले गराडू कंदाचे तळलेले तुकडे आलेच, मग किसलेल्या मक्याचा भुट्टे का कीस, मग जलेबी. रविवारी सकाळी काटा किलोभर पुढे! सोमवारपासून माणूस एकदम उपासावर. अहो, एका रात्रीत किलोभर चरबी वाढायला नेहमीच्या जेवणाच्या वर 7700 उष्मांक खावे लागतील. इंदूरकरांच्या क्षमतेबद्दल मला आदर आहे, पण तरीही. तो किलो असतो मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचा आणि पोटात अजून असलेल्या अन्नाचा. शिवाय शरीर साखरेचा जो साठा करतं, त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. म्हणूनच पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे झरझर उतरतं, त्यातही बरंचसं पाणीच असतं. त्या आठवड्यात आपण पेढे वाटतो आणि चौथ्या आठवड्यात काटा थांबला की पथ्य सोडतो. दोन्ही वेळा काट्यावर जरा जास्तच विश्वास टाकलेला असतो.

मग खाण्याचा उपयोग झाला की नाही, हे बघायचं कुठे?

चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने एक अभ्यास केला. 2006 साली तो प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची 531 माणसं त्यात होती. एका गटाला रोज अर्धा तास चालायला सांगितलं. साखर, मैदा, तेल-तूप कमी आणि चोथ्याचे पदार्थ जास्त, असा आहार दिला. तीन वर्षांत, ज्या गटाला काहीच बदल सांगितला नव्हता, त्यातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्या-पथ्य पाळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 39.3 टक्के होतं. आणि या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता! पाला खाऊन काय मिळवलंस, याचं उत्तर मला तरी इथे मिळतं. ही माणसं आपल्यासारखीच भात, पोळी, डाळ खाणारी होती, कुठल्या परदेशातली नव्हेत.

रक्तदाबाचंही तसंच. अमेरिकेत 1997 साली 'डॅश' नावाच्या आहाराचे निष्कर्ष आले. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूधदही भरपूर. संशोधकांनी मुद्दाम कुणाचं वजन हलू दिलं नाही. उतरायला लागलं की खाणं वाढवायचे. मीठही सगळ्या गटांना सारखंच होतं. तरी ज्यांचा दाब आधीच जास्त होता, त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत 11 अंकांहून अधिक खाली आला, तोही आठ आठवड्यांत.

आणि एक आपल्या पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काट्याच्या दृष्टीने दोघेही एकच! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, तेव्हा वजन उतरलं नाही म्हणून रडणं आणि वजन बेताचं आहे म्हणून निर्धास्त राहणं, दोन्ही फसवं.

माझ्याकडे राजेंद्रनगरहून एक काकू यायच्या. वजनाची वही घेऊन, रोजचा आकडा टिपलेला, वाढ झाली की लाल पेन. त्याच पिशवीत लॅबचा कागद होता, घडीसुद्धा न मोडलेला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, प्रीडायबेटिसच्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याच्या रेषेखाली आली होती. ती रेषा 5.7 टक्क्यांची. काकूंना त्याचं काहीच नव्हतं, कारण त्या आकड्याची वही कुणी त्यांना दिलीच नव्हती. मी सांगितलं, वजन महिन्यातून एकदा करा. आणि वहीत कंबर, दाब, साखर, जिना चढताना लागणारी धाप, सकाळी पोट साफ होतं की नाही, हे लिहा. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढून नव्हे. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

उत्साह टिकण्याबद्दल मला विचाराल, तर माझं मत जरा वेगळं आहे. निर्धार वगैरेवर माझा फारसा भरवसा नाही. ज्या घरात एकीचं ताट वेगळं लागतं, तिथे पथ्य दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. घरातल्या बाईने सगळ्यांसाठी पोळ्या लाटायच्या आणि स्वतः कोपऱ्यात काकडी खायची, हे किती दिवस चालेल? त्यापेक्षा सगळ्यांचंच ताट थोडं सरकवा. आपल्याकडे उसळ-पोहे आहेतच की. घरी करताना उसळ दुप्पट आणि पोहे निम्मे घ्या, वर कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे. शेव डब्यातून थेट ताटावर पालथी होते, ती वाटीत काढून चमच्याने घाला. निम्मी तरी वाचेल. जिरावणात मीठ असतं, दाब असेल तर हात आवरा. जलेबी रविवारी. ती बंद करा, असं मी इंदुरात राहून कुठल्या तोंडाने सांगू?

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. गुडघे किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यासाठी डॉक्टरांनी वजन उतरवायलाच सांगितलं असेल, तर नुसतं 'चांगलं' खाऊन भागणार नाही; किती खातो ते मोजावं लागेल, कधी औषधही लागेल. आणि नेमाने सगळं करूनही वजन उलट वाढत असेल, तर थायरॉईड तपासून घ्या. इन्सुलिन, स्टेरॉईड, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सवरची आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि स्पष्ट विचारा, यातल्या कशाने वजन वाढतंय का, दुसरं काही देता येईल का. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.