नानांच्या कपाटातले पाइप

[दृश्य : भुसावळ. खिडकीजवळचं टेबल. दोन हात एका पाइपचे दोन भाग हलकेच वेगळे करतात.]

तंबाखूचा पाइप हातात आला की नाना आधी तो उजेडासमोर धरतात. लाकडाची मान आणि तोंडात धरायची काळी तोटी जिथे एकमेकींना भिडतात, त्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसते का ते बघायचं. मग त्यावरून नख फिरवायचं. नख अडलं, की पाइप बाजूला.

हे नख साधं नाही. नानांची अख्खी नोकरी भुसावळला रेल्वेत, लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर गेली. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी मुक्ताईनगरची वारी, आणि कपाटात परदेशातल्या कारागिरांनी हाताने घडवलेले तंबाखूचे पाइप. यातल्या एकालाही नानांनी काडी लावलेली नाही. "मी टर्नर माणूस. मला जॉब, म्हणजे घडवलेली वस्तू, बघायची असते," एवढंच त्यांचं उत्तर. तंबाखू वाईट हे आम्ही सांगायच्या आधी तेच सांगतात, कपाट बघायला आलेल्या प्रत्येक पोराला, आणि जरा जास्तच वेळ सांगतात.

[दृश्य : कपाटातला सर्वांत खालचा कप्पा. एक जुना, ओरखडलेला पाइप.]

सुरुवात या पाइपपासून झाली. भुसावळला एकेकाळी अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांची मोठी वस्ती होती. त्यांतलं एक कुटुंब गाव सोडून निघालं, तेव्हा घरातल्या किडुकमिडुकात हा पाइप निघाला. कारखान्यात बनलेला, शेकडो सारख्यांमधला एक. नाना त्याच्याकडे आजही कौतुकाने बघत नाहीत. लाकडातले बारीक खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वरून गडद रंग मारलाय, ते बोट ठेवून दाखवतात. पण हे लाकूड कुठलं, हा प्रश्न त्याच पाइपने त्यांच्या डोक्यात घातला.

[दृश्य : टेबलावर लाकडाचा खडबडीत ठोकळा.]

लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राच्या काठी, इटली, ग्रीस, कॉर्सिका, अल्जीरिया या भागांत हे झुडूप उगवतं. शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया. पाइप फांदीचा होत नाही. मुळं आणि खोड यांच्यामध्ये जमिनीत एक गाठ फुगत जाते. रानात वणवा लागला, वरचं सगळं जळून गेलं, तरी झुडूप या गाठीतून पुन्हा फुटतं. कामाची गाठ तयार व्हायला काही दशकं लागतात. खणून काढली की ती ओली ठेवायची, नाहीतर तडकते. मग करवतीने ठोकळे पाडायचे, ते तासन्‌तास उकळून त्यातला तुरट रस काढून टाकायचा, आणि पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षं, सावलीत वाळवायचे. एवढं केल्यावर हे लाकूड निखारा पोटात घेऊनही सहसा जळत नाही.

फ्रान्समधल्या सेंट क्लोड या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाचे पाइप करून जगभर पाठवले. पण नानांचा जीव अडकला तो कारखान्यांच्या पुढच्या गोष्टीत, कोपनहेगनमध्ये.

[दृश्य : नाना वहीत पेन्सिलीने पाइपचा आडवा छेद काढतात.]

सिक्स्टेन इवार्सन. जन्म स्वीडनचा, काम डेन्मार्कमध्ये. कारखान्याची रीत अशी, की ठोकळा यंत्रावर चढवायचा, आधी भोकं पाडायची, मग ठरलेला आकार काढायचा. लाकडाच्या रेषा कुठे चालल्यात, हे बघायला कुणाला वेळ नसतो. सिक्स्टेन यांच्या नावाशी जोडली जाते ती उलटी रीत. आधी ठोकळा वाचायचा, रेषांच्या कलाने आकार द्यायचा आणि शेवटी भोक पाडायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. नानांना विचारा. यंत्रावर चौकोनी ठोकळा घट्ट पकडता येतो. बाहेरून पूर्ण आकार दिलेली, वळणं घेतलेली वस्तू पकडून तिच्यात दोन दिशांनी भोकं पाडायची आणि ती आत नेमकी एकमेकांना मिळवायची, हे वेगळंच काम. तोटीतून येणारी बारीक वाट तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाशी, बरोबर मधोमध उघडली पाहिजे. वर उघडली तर खालची तंबाखू ओली राहते. एका बाजूला सरकली तर जळते वाकडी. नाना तोटीतून पाइप साफ करायची लवचिक तार घालतात. ती न अडखळता वाटीत डोकावली, की त्यांच्या मिशीत हसू फुटतं.

आणि रेषा. ब्रायरच्या गाठीत त्या मधून बाहेर पसरत जातात. बाजूने पाहिलं तर उभ्या ज्वाळांसारख्या दिसतात, टोकाकडून पाहिलं तर त्यांचेच बारीक ठिपके, ज्याला पाइपवाले पक्ष्याचा डोळा म्हणतात. चांगला कारागीर वाटीच्या भोवती रेषा उभ्या आणि वर-खाली ठिपके येतील असा ठोकळा फिरवतो. सिक्स्टेन यांचा मुलगा लार्स याने फुगलेल्या माशासारखा आकार काढला, तो याच हिशेबातून. दोन्ही गालांवर ठिपके, मधून रेषा. त्याची मुलगी नाना हीसुद्धा पाइप बनवते. आपल्या नानांना या नावाची फार मौज वाटते. जपानचे हिरोयुकी तोकुतोमी कोपनहेगनला सिक्स्टेन यांच्याकडे शिकले. डेन्मार्कमध्ये आणि जपानमध्ये मानेला बांबूचं पेर जोडलेले पाइपही झाले. तो बांबू पुढे येणार आहे.

घडवता घडवता आत खड्डा निघाला तर? लांबी भरायची नाही. एकतर वाळूच्या माऱ्याने वरचा मऊ थर उडवून वलयं उठावदार करायची, नाहीतर अर्धवट झालेला पाइप सरळ चुलीत.

या घराण्याचे पाइप लाखांच्या घरात जातात. नानांकडे त्यांतला एकही नाही, आणि त्याची खंतही नाही. पेन्शनीत बसतील असे, नव्या, एकट्याने काम करणाऱ्या कारागिरांचे पाइप ते घेतात. नातवाकडून निरोप लिहून घेतात, फोटो मागवतात, सांध्याचा जवळून फोटो मिळाला नाही तर पुढे बोलत नाहीत. मग पैसे, मग कारागिराच्या सवडीची वाट, मग कस्टम. घरचे कस्टमच्या पावतीवर जितके चिडतात तितके पाइपवर चिडत नाहीत.

[दृश्य : मे महिन्याची दुपार. खिडक्यांना पडदे.]

पारा पंचेचाळिसावर जाणाऱ्या गावात हे सांभाळणं सोपं नाही. तोटी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल, तर उन्हाने तिचा काळा रंग उडतो आणि ती हिरवट-तपकिरी होते. म्हणून कपाटाला काच नाही, सागाची बंद दारं आहेत.

[दृश्य : दुसरा कप्पा. मातीच्या चिलमी, लाल आणि काळ्या.]

या कप्प्यापाशी नाना थांबतात, आणि गोष्ट खानदेशात परत येते.

१६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या हाती गेला. सुभा शाहजादा दानियालला मिळाला, त्याच्या नावावरून प्रांताला काही काळ दानदेश म्हणत. राजधानी बुऱ्हाणपूर. दानियालसाठी आदिलशाहाची मुलगी आणायला अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला, तिथे त्याने तंबाखू पाहिली. आग्र्याला परतल्यावर ती आणि रत्नजडित नळी असा नजराणा त्याने अकबरापुढे ठेवला. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकीम नको नको म्हणत राहिले. असद बेगनेच हे लिहून ठेवलंय. दानियाल मात्र लग्नानंतर वर्षभरातच, १६०५ मध्ये, बुऱ्हाणपुरात दारूपायी गेला. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली, ते या कप्प्यातल्या चिलमींवरून दिसतंच.

त्या नळीचा इतिहास आहे. चिलमीचा नाही. वरच्या कप्प्यातला प्रत्येक पाइप उलटा करा, मानेखाली कारागिराचं नाव ठोकलेलं असतं, बहुतेकदा साल आणि क्रमांकही. खालच्या कप्प्यात कशावरच काही नाही. नानांना हे खटकतं. आम्हालाही खटकलं.

[दृश्य : पारोळ्याकडचं एक गाव. कुंभारवाडा. फिरतं चाक.]

आजी चाकावर एकच मोठा गोळा ठेवतात आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलीम काढतात. दोऱ्याने कापली, बाजूला ठेवली, पुढची. मोजमाप बोटात. नाना खिशातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढतात, वाळलेल्या चार चिलमींची तोंडं मोजतात आणि काही न बोलता व्हर्निअर परत खिशात घालतात.

मग विचारतात, "आजी, खाली तुमचं नाव का नाही घालत?"

आजींचं चाक थांबत नाही. "नाव लिखीसन भाव वाढी का?"

कोपनहेगनमध्ये वाढतो. पारोळ्याच्या बाजारात चिलीम मातीमोलाने जाते, आणि हे आजींना नानांपेक्षा चांगलं माहीत आहे. घेणारेही आता थोडेच उरलेत.

नानांनी सहा चिलमी घेतल्या. प्रत्येकीत चिठ्ठी घातली : गाव, वार, आणि विचारून आजींचं नाव. शिवाय एक चिलीम जरा जाड मानेची काढून द्यायचं आजींनी कबूल केलंय. नानांना तिला लाकडी तोटी बसवून बघायचीय, अंजनाची. खानदेशच्या रानातलं हे लाकूड इतकं कडक, की लेथच्या हत्याराची धार खातं. आजींचं म्हणणं, बांबू लाव, हलका आणि फुकटचा. डेन्मार्कवाल्यांनीही बांबू लावलाय हे नानांना ठाऊक आहे, पण आजींसमोर त्यांनी ते कबूल केलेलं नाही. भट्टी पुढच्या आठवड्यात लागेल. तोवर वाद चालू आहे.