खाँसाहेबांची तालीम

शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्ल आणले, तसे गवईही आणले. त्यांतले सगळ्यांत मोठे उस्ताद अल्लादिया खाँ. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. महाराज १९२२ साली गेले, तोवर ते इथलेच दरबारगवई होते. देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत आजही कुणी नुसतं 'खाँसाहेब' म्हणालं, तरी पुढचं नाव विचारावं लागत नाही.

तरुणपणी एका छोट्या संस्थानात अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला. पुढं तो परतला, पण पहिल्यासारखा नाही. एखाद्यानं तंबोरा कायमचा गवसणीत घातला असता. खाँसाहेबांनी आहे त्या आवाजाला पेलेल असं गाणं नव्यानं बांधलं. दमसास राखत, एकात एक गुंतत, लयीच्या अंगानं समेवर येणारी ती पेचदार तान! त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ओळखच ती.

आणि राग! मालकंसच घ्या. रिषभ नाही, पंचम नाही, हे संगीताच्या क्लासातलं पोरही सांगेल. खाँसाहेबांनी रूढ केलेल्या संपूर्ण मालकंसात हे दोन्ही स्वर येतात, तरी मालकंस ढळत नाही. पंचम कुठून घ्यायचा, त्यावर किती रेंगाळायचं, हे वहीत उतरवून येत नाही. त्याला समोर बसावं लागतं. मला विचाराल तर त्यांची खरी थोरवी इथं आहे.

त्यांनी स्वतःची एकही ध्वनिमुद्रिका मागं ठेवली नाही. शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. गुरूंचा आवाज मात्र आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. फार हळहळ वाटते.

महाराजांनंतर खाँसाहेब मुंबईला गेले, १९४६ साली तिथंच वारले. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरात राहिले. अंबाबाईच्या देवळात त्यांनी गानसेवा केली. मल्लिकार्जुन मन्सूर, गजाननबुवा जोशी आणि कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडं शिकले.

मंगळवार पेठेतली ही माडी. सकाळचे सात. खाली दूधवाल्याची किटली वाजतेय. सोळा वर्षांची मुलगी संपूर्ण मालकंसाची आलापी करतेय. पंचमावर ती जरा जास्त थांबते. बाई तंबोऱ्यावरचं बोट थांबवत नाहीत, डोळेही उघडत नाहीत.

"परत घे बघू, बाळ."

ती परत षड्जावर येते.