मोडीत आलेली घड्याळं

[शहागंज, सकाळचे साडेनऊ. रिक्षांचे हॉर्न, भाजीच्या गाड्या. कॅमेरा घंटाघरावर स्थिर.]

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घंटाघराखाली आलं की माझा डावा हात आपोआप वर येतो. आधी वरचं घड्याळ बघायचं, मग हातातलं, आणि फरक मोजायचा. खोड आहे ही, घरच्यांना अजिबात न आवडणारी. निजामाच्या काळातलं हे घड्याळ मध्ये कित्येक वर्षं बंद होतं. स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली. आज त्याच्यात आणि माझ्यात दोन मिनिटांचा फरक आहे. चूक कुणाची, यात पडायला नको. माझं एचएमटी 'जनता' आहे आणि ते दिवसाला अर्धा मिनिट पुढं पळतं.

मी जालन्याचा. पहिल्या एसटीनं आलोय. बारा वर्षं झाली घड्याळांच्या नादाला लागून. चावीची घड्याळं, सेलवाली नव्हेत. हा नाद असलेली माणसं रविवारी जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात हात घालताना दिसतात. मी मात्र सराफ्यात चाललोय. विकत घ्यायला काही नाही, घ्यायची ऐपतही नाही. सोन्याच्या घड्याळाचा शेवट सराफ्यात होतो, आणि तो मला बघायचाय.

[सिटी चौकाच्या दिशेनं जाणारा रस्ता. अर्धवट उघडलेली शटर.]

इथं आजूबाजूला कासारी बाजार, मछली खडक, रंगार गल्ली. नावं धंद्यावरून पडली, मग धंदे पुढं सरकले आणि नावं तिथंच बसून राहिली. सराफ्याचं तसं झालं नाही. तो नावाला जागून आहे. काचेच्या शोरूम आल्या, दारात बंदूकवाला रखवालदार आला, पण मधल्या बोळात शिरलं की अजून गादीवर मांडी घालून बसलेले शेठ आहेत, आणि वरच्या माळ्यावर फुंकणीचा आवाज आहे.

दुकानं उघडायच्या आधीच एक माणूस पायऱ्यांपुढची धूळ झाडून घमेल्यात भरतोय. महापालिकेचा नव्हे, हा झारेकरी. कानशीतून उडालेला, चपलांना चिकटून बाहेर आलेला सोन्याचा कण या धुळीत असतो. नालीच्या गाळातही असतो. हे लोक तो धुऊन, गाळून काढतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. सोन्याच्या बाबतीत सराफा किती हिशेबी आहे ते एवढ्यावरून कळावं: इथली धूळसुद्धा फुकट जात नाही.

आणि या बाजारात घड्याळाचं मशीन मात्र फेकून देतात.

[पेढीच्या आतलं दृश्य. फक्त हात दिसतात.]

शेठनी अट घातली, चेहरा दाखवायचा नाही, पाटी दाखवायची नाही. मग चहा मागवला. जूनचा पहिला आठवडा. बाहेर मृगाची वाट बघणं चाललंय, आत गर्दी आहे ती मोडीची. मराठवाड्यात सोनं दिवाळी-लग्नसराईत घडतं आणि पेरणीच्या तोंडावर मोडतं. बी-बियाणं, खत, पोराची फी. बोरमाळ येते, गोठ येतात, एखादी पुतळ्यांची माळ. चारमिनार छाप हाली सिक्क्यांचे हार अजून येतात म्हणाले, निजामाची चांदी. आणि वर्षातून पाच-सात वेळा येतं घड्याळ.

"हे परवाच आलं बगा," म्हणत त्यांनी खणातून एक पुडी काढली.

बायकांचं घड्याळ. डायल शर्टाच्या बटणाएवढी. मी झाकणाच्या आतली बाजू भिंगाखाली धरली आणि माझा चहा गार झाला. आत ठसा होता बाईच्या इवल्याशा मुखवट्याचा. हेल्व्हेशिया, म्हणजे बाईच्या रूपातला स्वित्झर्लंड देश. 18 कॅरेट सोन्याच्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या कवचावर, स्वित्झर्लंडची सरकारी तपासणी कचेरी हा ठसा मारायची. 1880 च्या सुमारास सुरू झाला, 1995 मध्ये बदलला. आता तिथं कुत्र्याचं डोकं असतं, सेंट बर्नार्ड जातीच्या. आपल्याकडं दागिन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला 2021 मध्ये, त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक 2023 मध्ये. म्हणजे आपण ज्याला आत्ता आत्ता सरावतोय, ते या घड्याळाच्या पोटात कधीपासून होतं.

शेठना माझ्या प्रवचनात काडीचाही रस नव्हता. त्यांनी केस कसोटीवर एकदा घासली, ॲसिडचा थेंब टाकला, रेघ बघितली. मग तपासणीच्या यंत्रावर टंच, म्हणजे शुद्धता काढली. शंभरात पंच्याहत्तर. दगड आणि ठसा एकच बोलले.

मग वजन. अख्खं घड्याळ 11 ग्रॅम. शेठनी सुरीचं टोक घालून मशीन बाहेर काढलं, काच काढली, पट्टा काढला. केस उरली 5 ग्रॅम. त्याच्यात पाऊण हिस्सा सोनं, म्हणजे पावणेचार. गिऱ्हाइकाला पैसे मिळाले ते एवढ्याचे. मशीन? "ते वजनात धरत नाहीत." ते खणात गेलं. तिथं तसली आणखी नऊ-दहा पडलेली, लोखंडी स्क्रू, तुटके काटे आणि रबरबँडांच्या संगतीत.

मला राग आला, हे कबूल करतो. पण कुणावर काढायचा? सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढं गेल्यावर पावणेचार ग्रॅम म्हणजे एका बॅगेचं बियाणं नाही, अख्ख्या शेताची पेरणी. घड्याळ मोडणाऱ्या बाईनं बरोबर केलं. शेठनीही गिऱ्हाइकाला फसवलं नाही. चालू स्थितीत तेच घड्याळ कुणी शौकिनानं थोडं जास्त देऊन घेतलंही असतं; पण तो शौकीन जूनच्या पहिल्या आठवड्यात, रोकड घेऊन, या पायरीवर हजर हवा ना.

[भिंगातून दिसणारं मशीन. तांबडे ठिपके.]

हे जे लाल दिसतंय ना, त्यानं सराफ्यात फार घोटाळे झालेत. मशीनवर लिहिलेलं असतं '17 ज्वेल्स'. लोक पेढीवर येऊन सांगतात, आत सतरा माणकं आहेत, तेवढी काढून द्या. शेठ हसत होते सांगताना.

आहेत खरी माणकं. चक्राची बारीक टोकं धातूत फिरली तर भोक झिजतं. माणिक कठीण, त्यात टोक फिरलं की झीज नाही, घर्षण कमी. दगडाला भोक पाडून घड्याळात बसवायचं पेटंट लंडनमध्ये 1704 साली घेतलेलं आहे. तेव्हा खाणीतलंच माणिक वापरत, म्हणून ते श्रीमंतांचं काम. 1902 मध्ये व्हेर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं ॲल्युमिनाची पूड ज्योतीत वितळवून माणिक बनवायची रीत जगापुढं मांडली आणि ज्वेल स्वस्त झाले. तेच माणिक अंगठीतही बसतं, आणि सराफ त्याला बरोबर ओळखतो. तर सतरा माणकं काढून हातात काय येईल? चिमूटभर रवा.

सोन्याच्या भ्रमाचं दुसरं नाव 'कंचन'. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि पुढची तीस वर्षं लग्नाच्या याद्यांत घड्याळ कायमचं जाऊन बसलं. सायकल, रेडिओ, अंगठी, घड्याळ. जावयाला सोनेरी 'कंचन' मिळालं की रुसवा निघायचा, साधं 'जनता' दिलं की मांडवातच तोंड वाकडं. 2016 साली सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आता तेच जावई आजोबा झालेत आणि 'कंचन' घेऊन सराफ्यात येतात. कसोटीवर दोनदा घासलं की खालचं पितळ हसतं. मुलामा आहे, मायक्रॉनच्या हिशेबातला. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. शेठ म्हणाले, "सासऱ्यानं फसवलं म्हनून एक म्हातारा इथंच शिव्या द्यायला लागला. सासरा मरून पंचवीस वर्षं झालेली."

[जिन्याखालची पेटी. टेबलावर दिवा.]

जिन्याखाली, दोन पेढ्यांच्या मधल्या तीन फुटांत, एक काका बसतात. घडीसाज. वय चौऱ्याहत्तर. मी त्यांच्याकडं दोन गोष्टी शिकलो. पहिली नंतर सांगतो.

त्यांच्या टेबलावर चिमटे, कानस, स्पिरिटची बाटली, आणि कोपऱ्यात एक बागेसरी, सोनाराची शेगडी. थंडगार. तिच्यात स्क्रूंच्या डब्या ठेवलेल्या. मी विचारलं, घड्याळ दुरुस्तीत ही कशाला? म्हणाले, "आमच्या दादांची."

1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री. चीनच्या युद्धानंतरचा काळ, परदेशी चलनाची ओढाताण. 14 कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. आता आपल्याकडच्या बाईला 14 कॅरेटची पाटली कोण विकणार? रंग पांढुरका, हाताला कडक, ठोकायला चिवट. देशभर सोनार घरी बसले. काकांच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, वर्षभर वाट बघितली, मग शेगडी विझवली आणि एका घडीसाजाच्या हाताखाली बसले. "चिमटा धरता येत होता, भिंग लावता येत होतं. अजून काय पायजे?" 14 कॅरेटची अट 1966 मध्ये निघाली, बाकीचे नियम पुढं 1968 च्या कायद्यात गेले आणि 1990 मध्ये कायदाच रद्द झाला. पण शेगडी परत पेटली नाही. हातात आलेली विद्या बदलली होती.

आता ती पहिली गोष्ट. मी सुरुवातीला मोठ्या हौसेनं एक 'स्विस' घड्याळ घेतलं होतं, निळंशार, चकचकीत. काकांनी भिंग न लावता परत दिलं. "मुंबईवाला डायल." जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल, कुठल्या तरी घड्याळाचे काटे, तिसऱ्याचीच केस. भिंगाखाली बघितलं तर कंपनीच्या नावातलं एक अक्षर जाड, एक बारीक, मिनिटांच्या रेघा वाकड्या. असली घड्याळं जगभर विकली जातात आणि शौकिनांत ती आपल्या मुंबईच्या नावानं बदनाम आहेत. मला त्या घड्याळाचा राग नाही आला. मशीन झकास चालत होतं. रंग लावणाऱ्यानं निदान ते खणात तरी टाकलं नव्हतं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. काकांचे कान आता गेलेत. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. म्हणून ते घड्याळ दाताला लावतात. आवाज हाडातून थेट आत जातो. डोळे मिटून बसतात. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा घड्याळ खातोय.

[गलाईचं दुकान. भट्टी. निळी-पिवळी ज्योत.]

दुपारी ती पाच ग्रॅमची केस गलाईवाल्याकडं गेली. हे लोक सांगली जिल्ह्यातले, विटा-खानापूर-आटपाडीकडचे. देशातल्या कुठल्याही गावच्या सराफ्यात जा, सोनं-चांदी आटवायला याच दुष्काळी पट्ट्यातला माणूस भेटतो. मुशीत आधीच एक मोडकं डोरलं आणि दोन कुड्या होत्या. वर केस टाकली. बाईचा मुखवटा अर्धा मिनिट ओळखू येत होता, मग कडा मऊ झाल्या आणि सगळं एका थेंबात गेलं. कॅमेऱ्यासाठी पुन्हा करता येणार नव्हतं. म्हणून फोकस चुकलाय, सांभाळून घ्या.

शेठनी खणातलं मशीन मला तसंच देऊन टाकलं. पैसे घेतले नाहीत. "कचऱ्याचे काय घ्यायचे?" काकांनी ते धुतलं, तेल दिलं, दोन तास खपले, आणि बॅलन्स, म्हणजे घड्याळाची लय धरणारं चक्र, फिरायला लागला. तासाला अठरा हजार ठोके, सेकंदाला पाच. कितीतरी वर्षांनी.

"चाललं," काका म्हणाले. "पन ऱ्हानार कुठं? घर तर आटवून बसले."

माळ्यावरचा बंगाली कारागीर हे ऐकत होता. खाली आला, मशीन तळहातावर घेऊन उलटसुलट केलं, व्हर्निअरनं माप काढलं आणि बिडीच्या पाकिटावर आकृती काढली. चांदीत होईल म्हणाला. घाई आहे का? दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही.

घाई कसली. मी मशीन प्लास्टिकच्या डबीत ठेवून शहागंजला आलो. एसटीला वेळ होता. रिक्षा, हातगाड्या, बांग, कुणाचं तरी डीजे. डबी कानाला लावली, काहीच ऐकू येईना. मग आजूबाजूला कुणी बघत नाही ना, बघितलं, आणि डबी दाताला टेकवली.

चालू होतं.