मँडोलिनची नथ

(मराठी कट्ट्यावर रॉली, नॉर्थ कॅरोलायना इथे झालेलं व्याख्यान, थोडं संपादित)

मंडळी, विषय 'ब्लूग्राससाठी पहिलं मँडोलिन कसं घ्यावं' असा आहे. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत. मी बिल मन्रोवर, म्हणजे या संगीताच्या जनकावर, घसरलो तर आयोजकांनी खुणावावं.

२०१३ ते २०२४ ब्लूग्रासवाल्यांचा वार्षिक मेळावा आपल्या गावात भरायचा. भररस्त्यात बँजो, फिडल, मँडोलिन. ते ऐकून आपल्यातल्या बऱ्याच जणांना खाज सुटली, आणि जो तो मला एकच फोटो पाठवतो: खांद्याशी लाकडाची गुंडाळी असलेलं, चकचकीत एफ मॉडेल. फोटो पाठवतात, आवाज कोणी पाठवत नाही! ती गुंडाळी म्हणजे स्क्रोल. माझ्या मते ती नथ आहे. नथ घातली म्हणून गळा सुरेल होत नाही. बरं, नथ निदान काढून ठेवता येते.

हे वेड लागलं मन्रोमुळे. आठ भावंडांतलं शेंडेफळ, केंटकीतल्या रोझीनचं. फिडल आणि गिटार थोरल्यांनी आधीच बळकावलेली, याच्या वाट्याला मँडोलिन. तेही आवाज फार होऊ नये म्हणून आठांऐवजी चारच तारा लावायच्या. घरातलं धाकटं असणं म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. पुढे १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात त्याला १५० डॉलरला गिब्सन कंपनीचं एफ-५ मँडोलिन मिळालं. १९२३ चं, आत गिब्सनचे वाद्यतज्ज्ञ लॉइड लॉर यांची सही. आज लॉर यांच्या सहीच्या वाद्याला लाखाच्या वर डॉलर मोजावे लागतात. न्हाव्याचं काय झालं असेल हो?

पुढे त्याने ते दुरुस्तीला कंपनीकडे पाठवलं. महिनोन्‌महिने वाट पाहिली, आणि हाती आलं तेव्हा सांगितलेलं काम अर्धवटच. बाबाने खिशातला चाकू काढला आणि माथ्यावरच्या 'द गिब्सन'मधलं 'गिब्सन' खरवडून टाकलं. उरला फक्त 'द'. कस्टमर केअरला इतकं नेमकं पत्र मी वाचलेलं नाही. तशा खरवडलेल्या माथ्यानिशी तो वर्षानुवर्षं वाजवत राहिला, आणि आवाज तोच! १९८५ मध्ये कोणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईने त्या मँडोलिनचा चक्काचूर केला, तेव्हा त्याच गिब्सनच्या कारागिराने एकेक चिरफळी जुळवून ते पुन्हा उभं केलं. बरं, मँडोलिन आपल्याला नवं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले आपले लक्ष्मीकांत कुडाळकर आधी मँडोलिनवादकच...

हो, हो, पाहिली चिठ्ठी. पाच मिनिटं. आटोपतो.

तर घ्यायचं ए मॉडेल, बिनगुंडाळीचं, नाशपातीच्या आकाराचं. त्याच कारखान्याचं, त्याच लाकडाचं एफ घेतलंत तर जास्तीचे पैसे गुंडाळीच्या मजुरीचे. मात्र भोकं बघून घ्या. ब्लूग्रासमध्ये सहसा ड्रम नसतो. ऑफबीटवर, म्हणजे ठेक्याच्या मधल्या मात्रेवर, तारा दाबून मारलेला 'चॉप' ते काम करतो, आणि त्याला व्हायोलिनसारखी एफ भोकं बरी. आयरिश, लोकगीतं, निवांत वाजवणं असेल तर अंडाकृती भोक. सूर जास्त वेळ रेंगाळतो.

वरची पाटी सलग स्प्रूसची, कोरलेली हवी. भोकाच्या कडेला टॉर्च मारा. थर दिसले तर प्लाय. 'सॉलिड' म्हटलं तरी कोरलेली की दाबून वाकवलेली, ते विचारा. पाठ मेपलची.

वाचलेले पैसे सेटअपला, म्हणजे वाद्य नीट जुळवून घ्यायला. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, कुरिअरमध्ये सरकते. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) जुळत नसेल तर घोडी जागेवर नाही. जाणत्याकडून नट (माथ्याजवळची खाचांची पट्टी) आणि तारांची उंची नीट करून घ्या. नाहीतर आठ तारा दाबताना बोटं सोलतात, आणि वाद्य महिन्याभरात कपाटात जातं. तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडते. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होते, सलग लाकूड तडकतं. वाद्य केसमध्ये ठेवा, आत ह्युमिडिफायर.

व्हायोलिन शिकलेल्यांनी घाबरू नये, ट्यूनिंग तेच: जी, डी, ए, ई. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, जाड घ्या. मागच्या टेबलावर एक ए आणि एक एफ ठेवलंय; पाठ फिरवून बसा, मी वाजवतो, कोणतं कोणतं ते सांगा.