मागच्या वर्षीचं अंगण

श्रोतेहो, नमस्कार. अंगणातल्या चिमण्या एका दिवसात जात नाहीत. दहाच्या आठ होतात, आठच्या पाच, आणि आपल्या ध्यानात येतं तोवर वर्ष उलटलेलं असतं. म्हणून पक्षी आज दिसेनासा झाला, तरी कारण फक्त आजच्या दिवसात शोधू नका. मागच्या वर्षी काय झालं, ते आठवा.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचं उदाहरण घ्या. आवारातल्या एल्म वृक्षांना बुरशीचा रोग होता आणि तो भुंगेऱ्यांमुळे पसरत होता. म्हणून १९५४ साली झाडांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारायला सुरुवात झाली. त्या वर्षी सगळं आलबेल. पुढच्या वसंतात रॉबिन परतले आणि हिरवळीवर मरून पडू लागले. रॉबिन म्हणजे तिथला अगदी घरगुती, कस्तुराच्या कुळातला पक्षी. त्याचा तोल जायचा, अंग थरथरायचं, झटके यायचे. तिथले पक्षितज्ज्ञ जॉर्ज वॉलेस यांना आधी वाटलं, हा मज्जासंस्थेचा आजार असावा. फवारणी सुरू झाली आदल्या वर्षी आणि पक्षी मरताहेत या वर्षी, मग संबंध कसा लावायचा? तो धागा जुळवला इलिनॉय राज्यातले संशोधक रॉय बार्कर यांनी. डीडीटी पानांना चिकटून राहिलं. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली. विष अंगात साठवून गांडुळांनी हिवाळा काढला आणि वसंतात रॉबिननं गांडुळं खाल्ली. मोठी अकरा गांडुळं एका रॉबिनचा जीव घ्यायला पुरेशी होती. अकरा! एवढी तर तो काही मिनिटांत फस्त करतो.

आणि नीट ऐका, मेलेल्यांच्या जागी बाहेरून नवे रॉबिन येत होते. हिरवळ रिकामी दिसत नव्हती, पण पिल्लं दिसेनाशी झाली होती. म्हणून पक्षी मोजाल तेव्हा पिल्लंही मोजा.

मोजायचं कसं? जागा तीच, वेळ तीच, रोज दहा मिनिटं. एकाच वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तोच आकडा लिहायचा. बेरीज केली की तीच चिमणी चारदा मोजली जाते. एकही आली नाही, तर शून्य लिहा. शून्य लिहायचा कंटाळा केला, की वही खोटं बोलू लागते. आणि तुलना त्याच महिन्याशी करा, कारण पिल्लं घरट्याबाहेर पडली की आकडा आपोआप फुगतो.

आकड्याशेजारी बदलही टिपा : झाड तोडलं, भिंतीतली भोकं बुजवली, औषध फवारलं, शेजारी मांजर आलं. मोबाइल टॉवरवर खापर फोडणं सोपं असतं, पण ब्रिटनमध्ये चिमण्या घटू लागल्या त्या १९७०च्या दशकात, मोबाइल येण्याआधी. चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस किडे लागतात, नुसते दाणे नाहीत. सबंध अंगणाला फरशी घालू नये, या मताचा मी आहे, ते यासाठीच. पालापाचोळा जाळू नका. किडे तिथेच असतात.

पिसं फुगवून बसलेला, घास गिळता न येणारा, चोच ओली असलेला पक्षी दिसला, तर दाणापाणी निदान दोन आठवडे बंद ठेवा. भांडी घासून कडक वाळवा, कारण असा संसर्ग भांड्यातूनच पसरतो. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका. पिशवीत हात घालून धरा, पिशवी उलटी करून गाठ मारा, वर तारीख आणि जागा लिहा. मग थंड जागी ठेवून लगेच पशुवैद्यकांना कळवा. मात्र त्यांना विचारल्याशिवाय बर्फात गोठवू नका, गोठल्यावर पेशी फुटतात आणि आजार ओळखणं अवघड जातं.